कांद्याचे पाणी : वीज बघून नको, वाफसा बघून द्या

पुणे-बंगळूर महामार्गाने कराड सोडले की लगेच मलकापूर लागते. एका अंगाला आगाशिवाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर पोसलेली काळी रानं. या पट्ट्यात पाण्याला तोटा नाही. म्हणूनच इथे ठिबकची गोष्ट निघाली की पारावर हमखास ऐकू येते, "ते माणदेशात ठीक आहे. आमच्याकडं पाणी मायंदाळ, ठिबक कशाला?" ऊस पाटपाण्यावर येतो, मग कांदा का येणार नाही, असा साधा हिशेब असतो. कांदा येतोही. पण तो चाळीत टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये काढलेला माल जुलैत कोंब धरतो, नाही तर सडतो, आणि भाव चढायच्या आत मिळेल त्या दराने घालवावा लागतो.

आता दुसरी बाजू बघा. ज्यांनी ठिबक केले आहे, त्यांच्याही रानात कित्येकदा हीच तक्रार असते. नळ्या नव्या, पण पाणी द्यायची सवय जुनी! पूर्वी वाफा तुडुंब भरेपर्यंत दारं धरायचे, आता गादीवाफ्याची सरी वाहू लागेपर्यंत ठिबक चालू ठेवतात. शेतकरी बंधूंनो, ठिबक पाणी वाचवते हे आपण ऐकून आहोत. पण आपल्या काळ्या रानात त्याचा खरा फायदा दुसराच आहे. ठिबक हे वाफसा राखायचे साधन आहे. वाफसा राखला नाही, तर ते साधन असून नसल्यासारखे.

मीटरने शिकवलेले

मलकापूरचे नाव पाण्याच्या बाबतीत एकदा देशभर झाले आहे. २००९च्या सुमारास, गावाची नगरपंचायत होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा इथे चोवीस तास नळाला पाणी देणारी योजना सुरू झाली. पाणी कोयना नदीचे. घरोघरी मीटर बसले आणि जितके वापराल तितके बिल, असा हिशेब ठरला. चोवीस तास पाणी दिले तर लोक नासाडी करतील, अशी शंका तेव्हा कुणाच्याही मनात येणे साहजिक होते. पण पाणी हवे तेव्हा मिळणार याची खात्री असली की साठवून ठेवायची आणि शिळे म्हणून ओतून द्यायची गरज राहत नाही. आणि मोजले जाते म्हटल्यावर माणूस तोटी बंद करायला शिकतो.

घरात आपण हे शिकलो. रानात अजून शिकायचे आहे. रानातल्या पाण्याला मीटर नाही, म्हणून ते फुकट आहे असे वाटते. त्याची किंमत चाळीत सडलेल्या कांद्यातून आणि खालच्या अंगाला चोपण होत चाललेल्या जमिनीतून वसूल होते. कृष्णाकाठी, विशेषतः सांगली जिल्ह्यात, भारी रानांत वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने क्षार वर येऊन किती जमिनी पडीक झाल्या, हे वाळवा-मिरजेकडे पाहुण्यांकडे गेलात की डोळ्यांनी दिसते. आणि आपल्याच तालुक्यातल्या टेंभूजवळून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी रानांपर्यंत नेले जाते. तिकडे एकेक पाळीची वाट बघतात. आपल्या सरीतून ओढ्याला जाणारे पाणी तेच आहे.

कांद्याचे मूळ किती खोल?

पाणी किती द्यायचे हे पीक ठरवते आणि पिकाचे तोंड म्हणजे मूळ. उसाची मुळे खोल जातात. कांद्याचे तसे नाही. त्याची मुळे तंतूसारखी, आखूड, फार फांद्या न फुटणारी. बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीत, फार तर एक फुटापर्यंत. त्याच्या खाली गेलेले पाणी कांद्याच्या दृष्टीने वाया गेले, आणि सोबत नत्रही घेऊन गेले.

मूळ उथळ म्हणून कांद्याला ताण सहन होत नाही. पण पाणी साचलेलेही सहन होत नाही, कारण मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. काळ्या मातीतली बारीक छिद्रे पाण्याने भरली की हवेला जागा राहत नाही. मग पात पिवळी पडते, मूळ कुजते. शेतकऱ्याला वाटते पीक भुकेले आहे, म्हणून तो युरिया टाकतो आणि आणखी पाणी देतो. रोग एक, औषध भलतेच!

तिसरा प्रकार चढउताराचा. आठ-दहा दिवस ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, असे झाले की वरचा पापुद्रा तडकतो, जोड कांदे वाढतात. बाजारात हा माल वेगळा काढला जातो. एकसारखा कांदा हवा असेल तर ओलही एकसारखी हवी.

वाफसा ओळखायचा कसा

वाफसा हा शब्द आपल्या आजोबांचा. पेरणीला वाफसा बघणारा माणूस उभ्या पिकात मात्र तो बघत नाही, ही गंमत आहे. पद्धत सोपी आहे. पाणी द्यायच्या आधी खुरपे घेऊन रानात जा. दोन नळ्यांच्या मध्ये, चार ते सहा इंच खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबा.

तळहात ओला झाला, माती चिकटली, तर पाणी नको. किती दिवस झाले हे मोजू नका, परत फिरा. गोळा झाला, हाताला फक्त गारवा लागला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर गोळ्याचे दोन-चार तुकडे झाले, तर वाफसा आहे. आज-उद्या पाणी द्यायला हरकत नाही. गोळाच होत नाही, किंवा टाकल्यावर भुगा होतो, तर तुम्ही उशीर केलात. एक ध्यानात ठेवा, काळ्या मातीचा गोळा बराच वाळेपर्यंत होत राहतो. म्हणून गोळा होतो की नाही यापेक्षा तो फुटतो कसा, ते बघा. रानाच्या वरच्या टोकाला, मध्ये आणि खालच्या टोकाला अशा तीन ठिकाणी बघावे. एका जागेवरून अंदाज बांधू नये.

ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी ताणमापक नावाचे साधन मिळते. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीचा कप, वर काटा. माती वाळली की ती कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मालहूर येथे कांद्याचे मोठे संशोधन केंद्र आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस ठिबकवरच्या कांद्यावर प्रयोग झाले. मुळाजवळचा काटा २० सेंटिबारच्या आसपास आला की पाणी द्यावे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यांची जमीन पोयट्याची, आपली भारी काळी. त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नये, पण दिशा कळते. कांद्याला फार वाळू द्यायचे नाही आणि सतत भिजतही ठेवायचे नाही. जमीन भेगाळली तर कप आणि माती यांचा संबंध तुटतो आणि काटा खोटे सांगतो. तेव्हा साधन असले तरी खुरपे सोडू नका.

एकराचा हिशेब

आता पाण्याचा हिशेब मांडू. तो एकदा हाताने केला की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने ठिबकसाठी रुंद गादीवाफ्याची शिफारस केली आहे. गादी १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच, दोन गाद्यांत ४५ सेंटिमीटरची सरी. गादीवर ६० सेंटिमीटर अंतराने दोन इनलाइन नळ्या. रोपे १५ बाय १० सेंटिमीटरवर. अशी मांडणी केली तर एका एकरात (सुमारे ४ हजार चौरस मीटर) जवळजवळ ४,८५० मीटर नळी लागते. दर ४० सेंटिमीटरला एक ड्रीपर धरला तर १२ हजारांहून थोडे जास्त ड्रीपर होतात. प्रत्येक ड्रीपर ताशी २ लिटरचा असेल, तर एकराला ताशी सुमारे २४ हजार लिटर पाणी पडते.

जानेवारीत, लागण होऊन महिना झालेल्या कांद्याची रोजची गरज साधारण पावणेतीन ते तीन मिलिमीटर धरू. एक मिलिमीटर म्हणजे एकराला ४ हजार लिटर. म्हणजे रोज ११ ते १२ हजार लिटर. संच किती वेळ चालवायचा? जेमतेम अर्धा तास! मार्चमध्ये कांदा पोसत असताना, ऊन तापले की हीच गरज सहा मिलिमीटरच्या घरात जाते, म्हणजे २४ हजार लिटर. तेव्हा रोज तास-सव्वा तास. ड्रीपर ताशी ४ लिटरचा असेल तर हा वेळ निम्मा करा.

आता तुमचे ठिबक किती वेळ चालते, ते आठवा.

रोज द्यायचे की दिवसाआड? ते माती सांगेल. भारी काळ्या मातीच्या वरच्या फुटात पिकाला घेता येईल असे सुमारे ५० मिलिमीटर पाणी मावते. त्यातला पाव हिस्सा संपला की कांद्याला पाणी द्यावे, अशी साधारण रीत आहे. म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर. जानेवारीत ते चार दिवस पुरते. तेव्हा भारी रानात तीन दिवसांनी दीड तास दिले तरी कांदा तक्रार करत नाही आणि मधल्या काळात मुळाला हवा मिळते. मार्चमध्ये दिवसाआड दोन-सव्वादोन तास. डोंगराच्या कडेच्या मुरमाड, हलक्या रानात मात्र पाणी निम्मेच मावते आणि ते आडवे न पसरता सरळ खाली जाते. तिथे थोडे थोडे, रोज किंवा दिवसाआड द्यावे आणि नळ्याही जवळ घ्याव्यात.

हे आकडे सुरुवातीला धरून चालायचे. ढगाळ दिवस, वारा, धुके, जमिनीचा उतार यांनी ते बदलतात. शेवटचा शब्द खुरप्याचा.

वीज आली की मोटार चालू

खरी अडचण इथे आहे. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री बिबट्याच्या भीतीने रानात कोण जाणार? मग मोटारीला ऑटो स्विच लावतात. वीज आली की मोटार चालू, वीज गेली की बंद. म्हणजे कांद्याला पाणी किती मिळणार हे ना माती ठरवते, ना मालक. ते वीज ठरवते. सहा-सात तास ठिबक एकाच एकरावर चालले तर अर्ध्या तासाची गरज असलेल्या पिकावर दीड लाख लिटरच्या आसपास पाणी जाते. असे ठिबक आणि जुने पाटपाणी यांत फरक काय राहिला?

यावर उपाय महाग नाहीत. पहिला, रानाचे तीन-चार भाग पाडून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा आणि पाळी वाटून घ्या. एक दिवस कांदा, एक दिवस ऊस, एक दिवस गव्हाचा तुकडा. दुसरा, ऑटो स्विचबरोबर टायमर बसवा, म्हणजे ठरवलेल्या वेळाने मोटार आपोआप थांबेल. तिसरा, शेततळे किंवा टाकी असेल तर रात्रीच्या विजेवर ती भरून घ्या आणि सकाळी छोट्या मोटारीने ठिबक चालवा. यातले काहीच जमले नाही तर निदान एवढे करा. ज्या दिवशी मातीला पाणी नको, त्या दिवशी कांद्याचा व्हॉल्व्ह संध्याकाळीच बंद करून घरी या.

पाण्याबरोबर खत

रब्बी कांद्याला हेक्टरी ११० किलो नत्र, ४० किलो स्फुरद, ६० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराला ४४, १६ आणि २४ किलो. गंधक माती परीक्षण बघून. स्फुरद, पालाश आणि नत्राचा साधारण तिसरा हिस्सा लागणीच्या वेळी द्यावा. राहिलेले नत्र दहा-दहा दिवसांच्या अंतराने ठिबकमधून हप्त्यांनी द्यावे आणि ६० दिवसांच्या आत संपवावे. त्यानंतर नत्र दिले की पात माजते, मान जाड होते आणि जाड मानेचा कांदा चाळीत पहिला सडतो.

खत देताना आधी थोडा वेळ नुसते पाणी, मग खत, शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी हा क्रम पाळा. खत सोडून पुढे दोन तास पाणी चालू ठेवले तर ते खत मुळाच्या खाली गेले म्हणून समजा. वीतभर मातीत ठेवायचे असेल तर पाणीही वीतभरच हवे.

उसातला कांदा

आपल्या भागात पूर्वहंगामी उसात कांद्याचे आंतरपीक घेणारे बरेच आहेत. उसाची उगवण आणि फुटवे होईपर्यंत मधली जागा मोकळीच असते, तेव्हा कल्पना चांगली आहे. पण पाण्याच्या बाबतीत या दोन पिकांचे शेवटी पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उसाची तहान वाढत जाते आणि नेमके तेव्हा कांद्याचे पाणी तोडायचे असते. एकाच नळीवर दोन्ही पिके असली की मालक उसाचे ऐकतो, कारण ऊस हे मोठे पीक. कांदा ओल्या रानातून निघतो.

म्हणून उसातला कांदा चाळीत भरायच्या नादाला लागू नका. तो लवकर तयार होणाऱ्या जातीचा, वेळेवर लावलेला आणि मोठ्या बांधणीच्या आधी काढून थेट बाजारात न्यायचा असावा. साठवणुकीचा कांदा वेगळ्या रानात, वेगळ्या व्हॉल्व्हवर घ्या. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण या रब्बीच्या जाती त्यासाठी चांगल्या.

शेवटचे पाणी

सगळ्या लेखात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल, तर ती ही. कांद्याचा टिकाऊपणा शेवटच्या पाण्यावर ठरतो. कांदा पूर्ण पोसला, पातीचा रंग उतरू लागला, तुरळक माना पडायला लागल्या की पाणी तोडायची वेळ आली. हलक्या रानात काढणीपूर्वी १० ते १५ दिवस, भारी काळ्या रानात तीन आठवड्यांपर्यंत पाणी बंद हवे, कारण काळी माती ओल लवकर सोडत नाही. या काळात मान वाळते, तोंड मिटते, पापुद्रे घट्ट बसतात. निम्म्या माना पडल्या की काढणी करा.

इथे हात आवरत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. "आणखी एक पाणी दिलं तर वजन वाढतंय की!" वजन वाढते हे खरे, पण ते पाण्याचे वजन. चाळीत ते आधी जाते आणि जाताना शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जाते. उपटायला सोपे पडावे म्हणून आदल्या दिवशी ठिबक सोडणारेही आहेत. तसे करू नका. जमीन टणक झाली असेल तर कुदळीने सैल करून घ्या. काढल्यावर कांदा तीन दिवस रानातच, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरून सुकवावा. मग इंचभर मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवून मगच चाळीत भरावा.

टिकाऊपणाला एवढे महत्त्व का? कारण भाव आपल्या हातात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात ज्यांना थांबता आले नाही, त्यांनी मिळेल त्या भावाने माल घालवला. लोणंदच्या बाजारात गरवा कांदा घेऊन जाणाऱ्या कुणालाही विचारा, थांबता येणे हीच शेतकऱ्याची एकमेव ताकद आहे. आणि थांबता येते ते चांगला वाळलेला कांदा चाळीत असेल तरच. दिल्लीत काय ठरते ते तुम्हाला बदलता येणार नाही. तुमच्या व्हॉल्व्हची चावी मात्र तुमच्याच हातात आहे.

संच सांभाळा

ठिबक बसवले आणि विसरले, असे चालत नाही. नदीचे पाणी गाळ आणते, विहिरीचे पाणी क्षार आणते, दोन्हींनी ड्रीपर तुंबतात. फिल्टर नियमित धुवा, सबमेन आणि नळ्यांची टोके आठवड्यातून एकदा उघडून गाळ बाहेर काढा. ड्रीपर बरोबर चालतो का, हे बघायला वाटी आणि घड्याळ पुरते. ड्रीपरखाली सहा मिनिटे वाटी धरा. ताशी २ लिटरच्या ड्रीपरमधून २०० मिलिलिटर पाणी यायला हवे. रानाच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कुठे तरी दाब कमी आहे, गळती आहे किंवा तुंबले आहे. आम्लाची प्रक्रिया मात्र जाणत्या माणसाला विचारूनच करावी. कांदा निघाल्यावर नळ्या गुंडाळून आडोशाला टांगून ठेवा. बांधावर पडलेल्या नळ्या उंदीर शिल्लक ठेवत नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत लहान शेतकऱ्याला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान ठरलेले आहे. राज्याने त्यात भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. नियम आणि निधी यांत बदल होत असतात, म्हणून संच घेण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा. पिकाविषयी शंका असेल तर काळवडे येथील कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, तिथे जायला संकोच कसला?

अनुदानातून नळ्या मिळतील, फिल्टर मिळेल, टायमरही मिळेल. वाफसा बघणारा माणूस कुठल्याच योजनेत मिळत नाही, तो घरातूनच रानात जावा लागतो. या रब्बीत एक करून बघा. सगळ्या कांद्यावर नको, पाच गुंठ्यांवर खुरप्याने माती बघून पाणी द्या आणि तेवढ्या तुकड्याचे शेवटचे पाणी वेळेवर तोडा. तो कांदा चाळीत वेगळ्या कप्प्यात भरा. ऑगस्टमध्ये दोन्ही कप्पे उघडून शेजारी शेजारी मांडा, आणि पुढच्या वर्षी पाणी कसे द्यायचे ते त्या दोन ढिगांवरून ठरवा.